फेकणारा हात आणि फेकींचा हिशेब

वाढते वय आणि मैदान : लेखांक ९

शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ असल्यामुळे रायपूरमधील बहुतेक मुलामुलींची या खेळांशी पहिली ओळख शाळेच्या मैदानावरच होते, आणि तोपर्यंत त्यांचा हात क्रिकेटच्या चेंडूने बराचसा घडलेला असतो. ही गोष्ट वरवर लाभाची दिसते, कारण सीमारेषेवरून थेट यष्ट्यांवर फेक करणाऱ्या मुलाला पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, म्हणून तयार करायला प्रशिक्षकाला फार वेळ लागत नाही. परंतु प्रस्तुत लेखांकाचा विषय असलेल्या खांद्याच्या आणि कोपराच्या दुखापतींचे मूळही नेमके येथेच आहे; बेसबॉलसाठी निवडला जाणारा हात हा नवा, ताजा हात नसून आधीच इतर खेळांत राबलेला हात असतो, आणि त्याने आजवर किती फेकी केल्या याची नोंद कोणाकडेच नसते.

फेक ही हाताची क्रिया मानली जात असली तरी तिचा प्रारंभ पायात होतो. पिचर एक पाय उचलून पुढे टाकतो, तो पाय जमिनीत रोवला गेला की कंबर वळते, कंबरेमागून छाती वळते, आणि छाती फलंदाजासमोर येऊन ठेपली तरी हात मात्र मागेच राहिलेला असतो. त्या क्षणी दंड खांद्याच्या रेषेत आडवा असतो, कोपर वाकलेले असते आणि तळहात आकाशाकडे वळून इतका मागे जातो की कोपरापुढचा हात पाठीमागे लोंबत असल्याचा भास व्हावा. येथून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाच्या विसाव्या भागाइतकाच वेळ लागतो, आणि तेवढ्यात प्रौढ व्यावसायिक पिचरचा खांदा सेकंदाला सुमारे ७००० अंश या वेगाने आतल्या बाजूस फिरतो. हाच वेग टिकला असता तर दंड एका सेकंदात स्वतःभोवती एकोणीस फेरे पूर्ण करता. चेंडू सुटल्यानंतर हाच वेग रोखून हाताला खांद्याच्या खोबणीत धरून ठेवण्याचे काम खांद्यामागच्या लहान स्नायूंना करावे लागते, आणि म्हणून फेकीचा शीण बहुधा खांद्याच्या मागच्या बाजूस जाणवतो.

कोपराची गोष्ट याहून नाजूक आहे. कोपर हे मुख्यतः बिजागरीसारखे, एकाच दिशेने उघडमिट करणारे सांध्याचे रूप आहे. दार त्याच्या दिशेने लोटले तर बिजागरी वर्षानुवर्षे टिकते, पण तेच दार कोणी बाजूला ओढून उघडू पाहिले तर खिळे सैल होतात. हात मागे राहून छाती पुढे गेली की कोपरावर असाच आडवा पीळ येतो, ज्यामुळे कोपराची आतली, म्हणजे शरीराकडची, बाजू ताणली जाते आणि बाहेरची बाजू दाबली जाते. आतल्या बाजूस दंडाच्या हाडाला पुढच्या हाताच्या हाडाशी बांधून ठेवणारा एक पट्टा असतो, त्यास अस्थिबंध म्हणतात. प्रौढ पिचरच्या कोपरावर एका जोरकस फेकीत येणारा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका मोजला गेला आहे, आणि मृत शरीरातून घेतलेला हाच अस्थिबंध प्रयोगशाळेत सुमारे ३२ न्यूटन-मीटरच्या आसपास तुटतो. जिवंत माणसाचा अस्थिबंध प्रत्येक फेकीत तुटत नाही, याचे कारण उरलेला भार भोवतालचे स्नायू उचलतात. म्हणजेच स्नायू ताजे आहेत तोवर कोपर सुरक्षित असते, आणि स्नायू थकले की तोच भार, पूर्वीइतकाच, थेट सांध्यावर येऊन पडतो. या संपूर्ण विषयात लक्षात ठेवण्याजोगी एकच गोष्ट निवडायची झाल्यास ती थकव्याची ही यंत्रणा होय.

मुलांना क्रिकेटच्या सरावाला पाठवणाऱ्या पालकांची येथे एक समजूत दुरुस्त करणे आवश्यक आहे. गोलंदाजी हे हाताचे काम आणि क्षेत्ररक्षण हे पायांचे, अशी विभागणी सर्वसाधारणपणे मनात असते. वस्तुतः नियमानुसार गोलंदाजाला कोपर १५ अंशांहून अधिक सरळ करता येत नसल्यामुळे वेगवान गोलंदाजीचा मोठा भार कमरेच्या मणक्यांवर पडतो, आणि वाढत्या वयातील गोलंदाजांना कमरेच्या हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा धोका अधिक असतो. क्षेत्ररक्षकाची लांब फेक मात्र वाकलेल्या कोपराने होते, आणि तिची हालचाल बेसबॉलच्या पिचसारखीच, म्हणजे पिचरच्या फेकीसारखीच, असते. यष्टिरक्षकाकडे दिवसभर चेंडू फेकणारा मुलगा गोलंदाजी अजिबात करत नसला तरी त्याच्या कोपराच्या दृष्टीने तो पिचरच असतो.

वाढत्या वयाचा प्रश्न यापुढे सुरू होतो. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेची एक पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी या पट्टीतून वाढते आणि वाढ पुरी झाली की ती भरून येऊन सलग हाड तयार होते. कोपराच्या आतल्या बाजूस हाताला लागणारा जो टणक उंचवटा आहे, त्याची पट्टी कोपरातील इतर सर्व पट्ट्यांच्या मागून, साधारणतः १५ ते १८ वर्षांच्या दरम्यान, भरते, तर खांद्याजवळची पट्टी त्याहूनही उशिरा मिटते. अस्थिबंध आणि कूर्चेची पट्टी यांच्यावर एकाच वेळी ताण आला तर मुलांमध्ये अस्थिबंध टिकतो आणि पट्टी हार मानते. म्हणून १२ वर्षांच्या मुलाचे कोपर दुखते तेव्हा ‘स्नायू आखडला असेल’ हे घरगुती निदान बहुधा चुकीचे ठरते. त्या वयात आतल्या उंचवट्याची पट्टी सुजलेली किंवा रुंदावलेली असण्याचा संभव मोठा असतो. या विकाराला अमेरिकेतील मुलांच्या स्पर्धेवरून ‘लिटल लीगर्स एल्बो’ असे नाव १९६० साली मिळाले, आणि खांद्यातील तशाच विकाराचे वर्णन त्याआधी १९५३ मध्ये झाले होते. कोपराच्या बाहेरच्या बाजूस, जेथे दाब पडतो, तेथे सांध्याच्या पृष्ठभागाचा छोटा तुकडा रक्तपुरवठा कमी पडून सैल होऊ शकतो. हा विकार दुखणे फार न दाखवता वाढतो आणि म्हणून अधिक फसवा आहे.

किती फेकी म्हणजे जास्त, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही दशकांत अनुमानावर न राहता मोजमापावर आले आहे. अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी ४८१ बालपिचरांचा दहा वर्षे मागोवा घेऊन २०११ मध्ये असे दाखवले की वर्षाला १०० डावांहून अधिक पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका इतरांच्या साडेतीन पट होता. त्याआधी २००६ मध्ये त्याच संस्थेने शस्त्रक्रिया करावी लागलेल्या ९५ किशोर पिचरांची तुलना दुखापत न झालेल्या ४५ जणांशी केली, तेव्हा हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट आढळली. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ खेळणाऱ्यांमध्ये ती पाचपट आणि सामन्यात ८० हून अधिक पिच टाकणाऱ्यांमध्ये सुमारे चौपट होती. या आकड्यांमधील अंतर बोलके आहे. संख्या आणि महिने महत्त्वाचे खरे, पण थकव्यापुढे दोन्ही फिके पडतात.

वक्र जाणाऱ्या पिचविषयी, ज्याला कर्व्हबॉल म्हणतात, मतभेद आहेत. ९ ते १४ वयोगटातील ४७६ पिचरांच्या २००२ मधील पाहणीत कर्व्हबॉल टाकणाऱ्यांमध्ये खांदेदुखी ५२ टक्क्यांनी अधिक दिसली होती, परंतु नंतरच्या हालचालींच्या मोजमापात कर्व्हबॉलचा कोपरावरील भार वेगवान पिचपेक्षा अधिक आढळला नाही. तेव्हा सारा दोष वक्र चेंडूवर टाकून फेकींच्या संख्येकडे काणाडोळा करणे योग्य नाही.

या अभ्यासांच्या आधारे मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांनी २०१४ साली ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक चौकट जाहीर केली. तिच्यानुसार ९ ते १० वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५, ११ ते १२ वर्षांच्याने ८५, १३ ते १६ वर्षांच्याने ९५ आणि १७ ते १८ वर्षांच्याने १०५ याहून अधिक पिच टाकू नयेत. या कमाल मर्यादा आहेत, रोजचे उद्दिष्ट नव्हे, आणि त्यांच्याइतकाच महत्त्वाचा भाग विश्रांतीचा आहे : १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने २० पर्यंत पिच टाकले तर दुसऱ्या दिवशी तो खेळू शकतो, पण ३५ पर्यंत एक, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन आणि त्यापुढे चार दिवस त्याने पिचिंग करू नये. वर्षातून किमान चार महिने पिचिंग पूर्ण बंद असावे, आणि त्यांपैकी दोन ते तीन महिने सलग असे असावेत की हात खांद्यावरून कोणतीही वस्तू फेकणार नाही.

जपानचे उदाहरण या संदर्भात विशेष विचारात घेण्याजोगे आहे, कारण तेथे शालेय बेसबॉलला जी प्रतिष्ठा आहे ती भारतात फक्त क्रिकेटला आहे. कोशिएन मैदानावरील राष्ट्रीय शालेय स्पर्धेत १९९८ साली दाइसुके मात्सुझाका या विद्यार्थ्याने १७ डाव चाललेल्या एकाच सामन्यात २५० पिच टाकले आणि तो देशाचा नायक झाला. २०१३ च्या वसंत स्पर्धेत तोमोहिरो आनराकू या १६ वर्षांच्या मुलाने नऊ दिवसांत ७७२ पिच टाकले. शालेय मुलांसाठी आठवड्याला ५०० पिचांची मर्यादा असावी, अशी शिफारस जपानमधील क्रीडावैद्यकतज्ज्ञांनी १९९५ सालीच केलेली होती. शालेय बेसबॉल महासंघाने ती प्रत्यक्ष नियमात आणली २०२० मध्ये. शिफारस आणि नियम यांच्यामध्ये पंचवीस वर्षे गेली, आणि त्या काळात कित्येक कोवळे हात कौतुकाच्या टाळ्यांमध्ये झिजले, हे लिहिताना खेद वाटल्याशिवाय राहत नाही.

रायपूरमध्ये मात्र मर्यादेचा आकडा पाठ असून भागत नाही, कारण येथील मुलाचा हात एकाच खेळाच्या मालकीचा नसतो. २०१६ मध्ये छत्तीसगडला भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळून रणजी संघ उभा राहिला आणि जानेवारी २०२३ मध्ये नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय सामना झाला. तेव्हापासून येथील क्रिकेट अकादम्यांकडे मुलांचा ओढा सहज समजण्यासारखा आहे. तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतल्या एखाद्या मराठी घरातील चपळ मुलगा सकाळी अकादमीत क्षेत्ररक्षणाच्या फेकी करतो, दुपारी शाळेच्या बेसबॉल संघासाठी पिचिंग करतो, शाळेच्या मैदानी स्पर्धा आल्या की भालाफेकीत नाव देतो आणि रविवारी सप्रे शाळेच्या किंवा कॉलनीच्या मैदानावर टेनिसच्या चेंडूने खेळतो. अकादमीचे सर, शाळेचे क्रीडाशिक्षक आणि कॉलनीतला कर्णधार हे तिघेही आपापल्या परीने मर्यादेत असतात, प्रत्येकाच्या दृष्टीने मुलाने ‘थोडेच’ फेकलेले असते. बेरीज कोणीच करत नाही, आणि ग्रोथ प्लेट मात्र तीच करते.

हा दोष केवळ येथलाच नाही. फ्लोरिडामधील शालेय पिचरांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की सामन्याच्या दिवशी पिचरच्या मातीच्या उंचवट्यावरून टाकलेल्या एकूण पिचांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक पिच, म्हणजे सामन्यापूर्वीच्या आणि डावांमधल्या सरावाचे, मोजणीत धरलेच जात नव्हते. जेथे मोजणीची शिस्त आहे तेथे ही स्थिती असेल, तर तीन मैदानांत विभागलेल्या हाताचा हिशेब किती अपुरा असेल याची कल्पना करता येते. त्यात वस्तूंचे वजनही बदलते : बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, सॉफ्टबॉल त्याहून जड, आणि १८ वर्षांखालील मुलांचा भाला ७०० ग्रॅमचा. सॉफ्टबॉलचे पिचिंग खालून होत असल्यामुळे ते निर्धोक मानण्याची प्रथा आहे, पण त्यातही खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाचा स्नायू यांवर मोठा ताण येतो, आणि मुलींच्या संघात एकच पिचर संपूर्ण स्पर्धा ओढत असेल तर तिचीही नोंद तितकीच काटेकोर हवी.

एका फेकीतून दुसऱ्या फेकीकडे गेलेल्या हातांचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेचे आहे. तीतून निवडले गेलेले उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोघेही भालाफेकपटू होते, आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाने त्यांना करारबद्ध केले. पुढे रिंकूच्या कोपरावर अस्थिबंध बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. भाल्यापुरते पाहिले तर नीरज चोप्रा यांच्या उजव्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला त्यांना मुकावे लागले. नीरज परतले आणि ऑलिंपिक सुवर्णपदकापर्यंत पोहोचले, परंतु त्यांच्यामागे वैद्यक आणि पुनर्वसनाची जी यंत्रणा उभी होती ती आठवीतल्या मुलामागे नसते.

थकवा ओळखण्यास उपकरण लागत नाही. पिचरचे कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरू लागते, चेंडू सतत उंच जाऊ लागतात, दोन पिचांमधले अंतर वाढते, आणि मुलगा नकळत दुसऱ्या हाताने खांदा चोळतो किंवा हात झटकतो. यांतील दोन गोष्टी दिसल्या की मोजणी काहीही सांगत असली तरी त्याला थांबवावे, आणि थांबवून कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा व परत फेकणारा खेळाडू, म्हणून उभे करू नये, कारण कॅचरच्या फेकी पिचरइतक्याच असतात. घरी रात्री करण्याजोगी एक साधी तपासणी आहे. मुलाने दोन्ही हात समोर पसरून तळहात वर करावेत आणि कोपरे पूर्ण ताठ करावीत. फेकणारे कोपर दुसऱ्याइतके सरळ होत नसेल, किंवा कोपराच्या आतल्या उंचवट्यावर अंगठ्याने हलके दाबताच तो हात मागे घेत असेल, तर फेकणे त्याच दिवशी बंद व्हावे. उताणे निजून दंड बाजूला आडवा ठेवून कोपरापुढचा हात पोटाच्या दिशेने खाली नेताना दोन्ही खांद्यांत ठळक फरक आढळला, तर खांद्याची मागची बाजू आखडली असे समजावे.

येथे घराघरांतील एका सवयीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. ‘खांदा भरून आला’ म्हटले की गरम तेलाने जोरात चोळणे, हाडवैद्याकडून हात ओढून घेणे किंवा सामन्यापूर्वी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला मैदानात उतरवणे, हे तीनही उपाय मायेपोटी होत असले तरी घातक आहेत. पट्टी सुजलेली असताना चोळल्याने आणि ओढल्याने ती अधिक दुखावते, आणि गोळीने वेदना दबली की शरीराने दिलेला एकमेव इशाराच बंद होतो. दुखणे दोन आठवडे टिकले, सांधा अडकू लागला किंवा फेकताना ‘कट्’ असा आवाज होऊन एकदम कळ आली, तर दोन्ही कोपरांची एक्स-रे तपासणी अस्थिरोगतज्ज्ञाकडून करून घ्यावी. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय वाढत्या मुलाची पट्टी रुंदावली आहे की ती त्याच्या वयाला साजेशीच आहे हे ठरवता येत नाही. रायपूरमध्ये एम्स आणि मेकाहारा, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचे आंबेडकर रुग्णालय, या दोन्ही सरकारी ठिकाणी अस्थिरोग विभाग आहेत. वेळेत निदान झालेला पट्टीचा विकार बहुतांश मुलांमध्ये केवळ काही आठवडे ते काही महिने फेक थांबवून बरा होतो, हा या विषयातील सर्वांत दिलासा देणारा भाग आहे.

व्यायामाचा उपयोगही सिद्ध झालेला आहे. योकोहामा येथे ८ ते ११ वर्षांच्या बेसबॉलपटूंना खांद्याची मागची बाजू सैल करणारे ताण, खांद्यामागच्या फऱ्याला आधार देणारे व्यायाम, तसेच पाठ, कंबर आणि पायांचा तोल सुधारणारे व्यायाम नियमित करून घेतले असता कोपराच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटल्या. फेकीचा प्रारंभ पायात होतो असे वर म्हटले आहे, त्याचा अर्थ येथे उघड होतो. कंबर आणि पाय आपला वाटा उचलत नसतील तर तो वाटा कोपर भरून काढते.

विश्रांतीचे महिने रायपूरच्या हवामानाने जवळजवळ ठरवूनच दिले आहेत. एप्रिलअखेरीस पारा ४० अंशांवर जातो, मे महिना मैदानाचा नसतोच, आणि जूनच्या मध्यापासून पावसाने मैदाने भिजतात. पण ज्या काळात हाताला सुट्टी मिळावी, त्याच काळात उन्हाळी शिबिरे आणि छताखालचे नेट सुरू होतात, आणि शाळा उघडताच शालेय स्पर्धांच्या निवडी जवळ येतात. मे आणि जून हे दोन महिने पोहणे, धावणे, फुटबॉल यांना द्यावेत आणि चेंडू फेकणे पूर्ण बंद ठेवावे. निवडीपूर्वी चार ते सहा आठवडे कमी अंतरावरून, कमी संख्येने, दिवसाआड फेक सुरू करून ती हळूहळू वाढवावी. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तीन दिवसांत चार सामने आले तर एका मुलावर भिस्त ठेवणारा संघ त्याला वाचवू शकत नाही, म्हणून प्रत्येक संघात किमान तीन पिचर तयार असणे ही मुलाच्या हाताची गरज आहे.

उरतो तो हिशेब, आणि तो मुलाने स्वतः ठेवावा. शंभर पानी वहीत तारीख, मैदान, खेळ, सरावासह झालेल्या जोरकस फेकी, आणि रात्री हात कसा वाटला हे एका शब्दात, इतके पाच रकाने पुरेत. वही शाळेच्या सरांनाही दाखवावी आणि अकादमीच्या सरांनाही, म्हणजे एकाने आज ६० फेकी घेतल्या असतील तर दुसरा संध्याकाळी आणखी मागणार नाही. ज्या घरांत असा मुलगा किंवा मुलगी आहे त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी या रविवारी ती वही विकत आणावी, पहिल्या पानावर मुलाचे वय लिहावे, आणि पहिली नोंद त्याच्या शेजारी बसून त्याच्याच अक्षरात करून घ्यावी.